मालतीबहनजींचं भांडण

मालतीकाकू रागावल्या की उभ्या राहत. जेवताना राग आला तर ताटावरून उठत, रिक्षात आला तर रिक्षा थांबवून खाली उतरत. एकदा तर भर कीर्तनात उभ्या राहिल्या होत्या, कारण बुवांनी बायकांवर एक शिळा विनोद केला होता. "रागात माणसानं बसू नये," त्या म्हणत. "बसलं की राग गुडघ्यांत उतरतो आणि मग जन्मभर तिथंच दुखत बसतो."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही त्या उभ्याच होत्या, दूधविनायकाच्या गल्लीत, स्वतःच्या दारात. समोर विजेच्या मीटरचा आकडा लिहून न्यायला आलेला माणूस. मीटर जिन्याच्या वर होतं आणि त्यानं खालूनच काहीतरी आकडा लिहिला होता.

"माताजी, अंदाज़ से लिख दिया है, अगले महीने बराबर हो जाएगा."

"मैं अंदाज़ से नंबर देती तो इस मुहल्ले की आधी लड़कियाँ फ़ेल हो जातीं," काकू शांतपणे म्हणाल्या. "ऊपर चढ़िए. पढ़िए. फिर लिखिए."

तो वर चढला. मग त्या माझ्याकडे वळल्या. हातात बॅग घेऊन खोली पाहायला आलेली, बँकेत नुकतीच लागलेली सांगलीची मुलगी. "तू शुभदा ना? ये आत. चाय घेशील?" आवाजात मघाचा राग औषधालाही नव्हता.

काकूंचं घराणं सहा-सात पिढ्यांपूर्वी कोकणातून काशीला आलेलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि उंबरठ्यावर दोन्हींची मिसळ. चौतीस वर्षं त्यांनी मुलींच्या कॉलेजात नागरिकशास्त्र शिकवलं होतं. त्यामुळे संकठा घाटापासून चौकापर्यंत त्यांना सगळे बहनजी म्हणत. भाजीवाली, पोस्टमन, ठाणेदाराची बायकोसुद्धा. अर्ज लिहून घ्यायला लोक त्यांच्याकडे येत. त्यांचा नियम ठरलेला होता. "अर्ज दोन ओळींचा असावा. तिसरी ओळ आली की विनवणी सुरू होते."

विष्णुकाका अगदी उलट. एका छापखान्यात आयुष्यभर प्रुफं तपासलेला, हळू बोलणारा, गोडघाशा माणूस. सकाळी कचौडीबरोबर दोन जिलब्या ठरलेल्या. काकू भांडून आल्या की ते विचारत, "कोण हरलं?" आणि उत्तराची वाट न पाहता पेपरात डोकं घालत. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या वरच्या खोलीत मी राहायला आले तेव्हापासून मला ते बेटा म्हणत आणि बाहेरून येताना माझ्यासाठीही दोन जिलब्या आणत.

आता जे सांगायचं आहे त्यात माझा हात आहे, म्हणून ते आधी सांगते. मार्च महिना आला की आमच्या शाखेला आरोग्यविम्याच्या पॉलिसी विकायचं लक्ष्य दिलं जाई. माझ्या वाट्याच्या दोन कमी पडत होत्या. मी काका-काकूंना गळ घातली. छापखान्याकडून काकांना म्हातारपणी काही मिळणार नव्हतं, तेव्हा विमा त्यांच्याही उपयोगाचा होता, हे खरं. पण मी गेले ते माझ्या गरजेनं.

काकूंनी फॉर्मची सगळी पानं वाचली. बारीक अक्षरातली तर भिंग घेऊन. "मधुमेह आहे का?" या प्रश्नाशी त्या थांबल्या.

"नाही ना काकांना?" मी पेन उचललं.

"नाही असं मला वाटतं. वाटणं वेगळं आणि असणं वेगळं. उद्या लिही."

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी त्या काकांना कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये घेऊन गेल्या. रिपोर्टमध्ये साखर अगदी बेताची निघाली. मग त्या रिपोर्टकडे पाहत मी माझ्या हातानं "नाही" असं लिहिलं आणि काकांनी सही केली. रिपोर्ट जोडायची गरज नाही असं मीच म्हणाले. फॉर्ममध्ये तशी जागा नव्हती.

पुढच्या वर्षी, पूर ओसरल्यावरच्या दिवसांत, ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर साचलेल्या गाळावरून काका घसरले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात ऑपरेशन झालं. अकरा दिवस काकू तिथं स्टुलावर बसून होत्या. सोडायच्या दिवशी बिलाची जाडजूड चळत त्यांच्यापुढे आली. काका स्ट्रेचरवर, मधल्या बोळात, कण्हत होते. वॉर्डबॉय म्हणत होता, जल्दी कीजिए, गाड़ी खड़ी है. काकूंनी साठवलेले पैसे भरले आणि कागद न वाचता सही केली. पुढे कितीतरी दिवस त्या म्हणत, "आयुष्यात एकदाच वाचलं नाही गं मी. एकदाच."

दीड महिन्यानं विमा कंपनीचं पत्र आलं. क्लेम नामंजूर, पॉलिसीही रद्द. पत्र इंग्रजीत होतं, पण त्याचा मराठीत अर्थ एवढाच होता की विमा घेताना तुम्ही मधुमेह लपवलात.

काकू उभ्या राहिल्या. खाटेवरून काका आधी हसले. "मला शुगर? जिलबीवाल्याला सांग, त्याला आनंद होईल." मग त्यांनी पत्र मागून घेतलं आणि बराच वेळ त्या एकाच ओळीवर बोट ठेवून बसले.

"लपवलं असं लिहिलंय," ते म्हणाले. "माझ्या नावापुढे."

त्या दुपारी काकूंनी बिलाचा एकेक कागद जमिनीवर पसरला. चौथ्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत काकांच्या नावावर इन्सुलिनची इंजेक्शनं लावली होती. काकांना इन्सुलिन कधीच दिलं गेलं नव्हतं. काकूंना लगेच आठवलं. समोरच्या खाटेवर चंदौलीकडचे एक मास्तर होते, विष्णू प्रसाद. त्यांना रोज सुई टोचत. त्यांची बायको काकूंना थर्मासमधला चहा देई. एक विष्णू इकडे, एक विष्णू तिकडे. कोणीतरी आळसानं एकाची दवाई दुसऱ्याच्या खात्यावर चढवली होती. आणि विमा कंपनीत कोणीतरी ती ओळ पाहून खूश झालं होतं, कारण क्लेम न देण्याचं कारण सापडलं होतं.

मला वाटलं, एवढी उघड चूक, दोन दिवसांत मिटेल. तेव्हा माझं वय सव्वीस होतं.

रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "कंप्यूटर से निकला है, ग़लत कैसे होगा?" काकू म्हणाल्या, कंप्यूटरला इंजेक्शन कोणी सांगितलं ते बघा. तो म्हणाला, कंपनी लिहून मागेल तर आम्ही बघू. कंपनीच्या ऑफिसात सांगितलं, आम्ही कशाला मागू, रुग्णालयानं दुरुस्त करून द्यावं. पुन्हा रुग्णालय. पुन्हा कंपनी. एकाकडे साहेब जेवायला गेलेले, दुसऱ्याकडे साहेब लखनऊला गेलेले. गोडौलियाच्या गर्दीतून सत्तरीला टेकलेली एक बाई पिशवीत कागद घालून ये-जा करत होती आणि दोन्हीकडची माणसं तिच्याशी अत्यंत नम्रपणे बोलत होती. त्या नम्रपणाची मला आजही चीड येते. कोणी ओरडलं असतं तर निदान भांडता आलं असतं. "माताजी, आप बैठिए ना," असं म्हणून ते खुर्ची पुढे करत आणि मग तासभर तिच्याकडे पाहत नसत. काकू खुर्ची घेत नसत. पाय सुजत, संध्याकाळी गरम पाण्यात ठेवत, सकाळी पुन्हा निघत.

एकदा रुग्णालयाच्या व्यवस्थापकानं तोडगा काढला. "बहनजी, इंसुलिन का जितना पैसा लगा है, वापस ले लीजिए. बात ख़त्म."

"बात शुरू कहाँ हुई है अभी?" काकू म्हणाल्या. "मुझे पैसा नहीं, लिखा हुआ चाहिए. ग़लती किसकी थी, वह लिखिए."

तो लिहायला तयार नव्हता. पैसे द्यायला तयार होता, लिहायला नाही. ही गोष्ट मी पुढे नोकरीत पुष्कळ वेळा पाहिली, पण शिकले तेव्हा.

याच सुमाराला काका मला एकदा म्हणाले, "बेटा, मला खरंच असेल का गं शुगर?" मी म्हटलं, "काका, काहीतरीच काय!" ते म्हणाले, "नाही, एवढ्या मोठ्या कंपनीनं लिहिलंय. पायांना मुंग्या येतात हल्ली." त्यांनी जिलबी सोडली. मी आणली तर म्हणाले, नको, उगीच कशाला. ज्याची साखर आयुष्यात कधी वाढली नव्हती तो माणूस कुणाच्या तरी आळसामुळे स्वतःच्याच शरीराकडे संशयानं पाहू लागला होता. काकूंनी पुन्हा तपासणी करून आणली, पुन्हा आकडा बेताचाच आला. काकांनी मान हलवली, पण जिलबी काही खाल्ली नाही.

मग काकू माझ्याकडे आल्या. "शुभदा, फॉर्म तू भरलास. रिपोर्ट तू डोळ्यांनी पाहिलास. तेवढं लिहून दे. दोन ओळी."

मी दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांना विचारलं. न विचारता लिहायला हवं होतं, पण मी विचारलं. ते म्हणाले, "पागल हो क्या? कंपनी हमारी पार्टनर है. लिखोगी तो पूछेंगे, रिपोर्ट थी तो लगाई क्यों नहीं? प्रोबेशन में हो." मी घरी येऊन काकूंना म्हटलं, "बघते."

"बघतेस काय? लिहायचंय."

"बघते, काकू. जरा साहेबांचं..."

मी वाट पाहत होते की आता उभ्या राहतील. पण त्या होत्या तिथंच बसून राहिल्या आणि वाटाणे सोलू लागल्या. माझ्यावर त्या रागावल्याही नाहीत. तेवढी माझी लायकी त्यांना वाटली नसावी.

तीन आठवडे मी चपला हातात घेऊन जिना चढले-उतरले. तीन आठवडे. कंपनीवर, रुग्णालयावर, त्या गोड बोलणाऱ्या साहेबांवर मी खुशाल संतापते, पण त्या यादीत माझं नाव खाली कुठेतरी नाही, वरच आहे.

शेवटी काकांनीच मला हाक मारली. काकू कुठल्याशा खिडकीपुढे उभ्या असतील तेव्हा. "बेटा, तू लिहू नकोस हं," ते म्हणाले. "तुझी नोकरी नवी आहे. मालती बोलत नसेल, मनावर घेऊ नकोस. ती माझ्यासाठी भांडते, तिला दुसरं काही दिसत नाही." मग म्हणाले, "तू पाहिला होतास ना पण रिपोर्ट? नक्की?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी मी लिहून सही करून तो कागद काकूंच्या हातात दिला. त्यांनी वाचला. "पहिला नाही, पाहिला. प ला काना हवा," म्हणून एक काना माझ्याकडून नीट करून घेतला आणि पिशवीत ठेवला. चांगलं केलंस, उशीर केलास, काही नाही. संध्याकाळी माझ्या खोलीच्या दाराशी वाटाण्याच्या उसळीची वाटी झाकून ठेवलेली होती.

त्यानंतर त्या चंदौलीला गेल्या. मीही रजा टाकून बरोबर गेले. बसमधून उतरून विचारत विचारत आम्ही विष्णू प्रसाद मास्तरांचं घर गाठलं. थर्मासवाल्या बाईंनी काकूंना ओळखलं आणि गळ्यात पडल्या. मास्तरांनी आपलं बिल काढलं. त्यात इन्सुलिनची एकही ओळ नव्हती. मास्तरांनी बिल पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. त्यांना आपले पैसे वाचले हे कळलं आणि कुणाच्या माथी गेले हेही.

"हम चलेंगे," ते म्हणाले. "लिखकर नहीं, ख़ुद चलेंगे."

आठवड्यानं ते खरोखर आले. रुग्णालयाच्या त्याच खिडकीपुढे, रांगेतल्या लोकांसमोर, त्यांनी सदरा वर केला. पोटावर सुयांचे ठिपके. "ई देखिए. इंसुलिन हमको लगता है. सोलह साल से. चढ़ाया इनके नाम. अब कंप्यूटर से पूछिए, पेट किसका है!" रांग हसली, मग रांग चिडली. कोणाच्या बिलात न घातलेलं प्लास्टर निघालं होतं, कोणाच्या बिलात न झालेला एक्स-रे. आवाज वाढला. व्यवस्थापक खाली आला आणि अर्ध्या तासात, ज्या पत्रासाठी काकू चार महिने चकरा मारत होत्या, ते पत्र शिक्क्यासकट त्यांच्या हातात पडलं. काकूंच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "अर्ध्या तासाचं काम होतं," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "अर्ध्या तासाचं. बघितलंस?"

ते पत्र, माझा कागद आणि जुना रिपोर्ट घेऊन काकू विमा कंपनीत गेल्या. तिथले अधिकारी म्हणाले, आपण वयस्कर आहात, विशेष बाब म्हणून आम्ही निम्मी रक्कम देऊ, इथं सही करा, यापुढे काही तक्रार नाही म्हणून.

"और जो लिखा है कि छिपाया, वह?"

"बहनजी, वह तो फ़ाइल में है. फ़ाइल कौन देखता है?"

"जिसकी फ़ाइल है, वह देखता है. रोज़ देखता है. खाट पर पड़ा-पड़ा देखता है."

त्यांनी सही केली नाही. मी त्यांना समजावलं होतं की पैसे घ्या, फिजिओथेरपीला हवेत, भांडण नंतर चालू ठेवा. "सही केल्यावर भांडण चालू राहत नाही," त्या म्हणाल्या. "मी काय चौतीस वर्षं उगीच शिकवलं?" त्यांनी विमा लोकपालांकडे लखनऊला तक्रार पाठवली. सुनावणीची तारीख यायला थंडी उजाडली.

त्या थंडीत काकांच्या छातीत कफ झाला. पडून राहणाऱ्याला तो होतोच, असं डॉक्टर म्हणाले. पाचव्या दिवशी सकाळी ते गेले. जाताना काही बोलले नाहीत. बोलण्याइतका श्वासच नव्हता. काकू एकदाही रडल्या नाहीत असं गल्लीत म्हणत. ते खोटं आहे. दिवस झाल्यावर काकांचे कपडे आवरताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कंपनीच्या त्या पत्राची चौघडी निघाली. दुमडून दुमडून फाटायला आलेली. ती हातात घेऊन काकू जे रडल्या ते मी पाहिलंय, आणि त्या रडण्यात दुःखापेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं.

सुनावणीला कंपनीकडून टाय लावलेला एक तरुण आला होता. तो म्हणाला, कंपनी सहानुभूतीपूर्वक पूर्ण रक्कम द्यायला तयार आहे. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी काकूंकडे पाहिलं.

"सहानुभूति वापस ले जाइए," काकू म्हणाल्या. "मेरे पति ने कुछ नहीं छिपाया था. यह लिखिए. जिस काग़ज़ पर वह लिखा था, वैसे ही काग़ज़ पर, वैसे ही मुहर के साथ."

अधिकाऱ्यांनी सगळे कागद पाहिले, मास्तरांच्या बिलासकट. तरुणाला म्हणाले, "इसमें सहानुभूति की क्या बात है? ग़लती है. लिखकर दीजिए." निकालात तसं आलंही.

महिन्याभरात पत्र आलं. विमाधारकानं कोणतीही माहिती दडवलेली नव्हती, आधीचं पत्र मागे घेण्यात येत आहे. खाली सही, शिक्का. पत्र काकांच्या नावावर होतं. सोबत पॉलिसी पूर्ववत चालू केल्याची आनंदाची बातमी आणि पुढच्या वर्षीचा हप्ता वेळेवर भरण्याची विनंती. हे सगळं मेलेल्या माणसाला. मृत्यूचा दाखला त्यांच्याच फाइलीत असताना.

"झालं ना काकू," मी म्हटलं. "जिंकलात."

त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की खालची गाय दचकून उठली. "जिंकले? कोण जिंकलं? जिलबी न खाता गेला तो माणूस! कोणाला शिक्षा झाली? त्या खिडकीतला पोरगा तिथंच आहे, साहेब तिथंच आहे. त्यांनी माझं एक वर्ष घेतलं शुभदा, यांच्यापाशी बसायचं शेवटचं वर्ष. मी खिडक्यांपुढे काढलं ते. ते कोणत्या पत्रात लिहून देणार आहेत?"

आजही कोणी मला सांगतं की राग सोडून द्यावा, मन शांत ठेवावं, तेव्हा मला तो प्रश्न विचारावासा वाटतो.

पुढे माझी पुण्याला बदली झाली. काकूंची पत्रं येत, छोटी छोटी. त्यांत लोकांच्या बिलांबद्दल असे. कुणाचा क्लेम कसा अडकला, कुणाचा कसा सुटला. गल्लीतले, मग गल्लीबाहेरचे लोक कागदांच्या पिशव्या घेऊन येऊ लागले होते. काकू त्यांच्याबरोबर जात. एका दुपारी अशाच कुणाचे कागद वाचत असताना त्यांना झटका आला आणि रुग्णालयात न्यायच्या आत त्या गेल्या. मला फोन आला तेव्हा अंत्यसंस्कार होऊनही गेले होते. मी चौथ्या दिवशी काशीला पोचले.

संध्याकाळची परतीची गाडी होती. त्यांच्या पुतण्याशी बोलून मी दाराबाहेर पडत होते तेव्हा एक बाई आली. तिशीची असेल. हातात रुग्णालयाची प्लास्टिकची पिशवी, कागदांनी फुगलेली.

"बहनजी हैं?"

"बहनजी नहीं रहीं," मी म्हटलं.

ती रडली नाही, अरेरे म्हणाली नाही. तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि विचारलं, "तो अब किसके पास जाएँ?"

मी तिच्या हातातली पिशवी घेतली, ओट्यावर बसले आणि पहिला कागद काढला. तिच्या नवऱ्याचा क्लेम नाकारला होता. कारण वाचता वाचता माझ्या कानशिलात रक्त चढलं. पुतण्याला हाक मारून मी सांगितलं, की माझं संध्याकाळचं तिकीट रद्द करून टाक.